अकरा झुडपं आणि शेबाची शेळी

आमच्या घरात मला शेतीतलं कळतं अशी एक समजूत आहे. ती मीच पसरवलेली आहे. अजमानच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तीन कुंड्या आहेत. त्यातल्या दोन मेल्या आणि तिसरीत जे आहे ते कढीपत्ता आहे की नाही यावर बायकोचं आणि माझं एकमत नाही. तरी मुलांचे मित्र आले की मी हटकून डोंगरावरच्या शेळीची गोष्ट काढतो. मुलं म्हणतात, "डॅड, नॉट द गोट अगेन." पण उठून जात नाहीत.

दर वेळी सांगताना ती शेळी थोडी मोठी होते आणि मी थोडा शहाणा होतो, असं बायकोचं निरीक्षण आहे. म्हणून एकदा जसं घडलं तसं लिहून ठेवतो. शिवाय त्यातली एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ती शेवटी येईल.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. हा देश तेव्हा देश नव्हता. सात शेखांची सात राज्यं होती आणि बाजारात रुपये चालायचे. दुबई शहराच्या बर दुबई भागात खाडीच्या काठाला माझ्या मामूंचं कापडाचं दुकान होतं. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या गावातून मला त्यांनी आणवलं ते दुकानात विक्रीला, पण गिऱ्हाईक आलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. माझं अक्षर मात्र सुंदर होतं. म्हणून मामूंनी मला पार्सलांवर पत्ते लिहायला बसवलं होतं.

एक दिवस एक म्हातारा इंग्रज साहेब दुकानात आला. त्याला जाड सुती कापड हवं होतं, झाडपाला दाबून वाळवायला. उत्तरेकडे रास अल खैमाच्या वरच्या डोंगरात जाऊन तिथल्या झाडाझुडपांची यादी करायची, नमुने गोळा करायचे, असं त्याचं काम होतं. त्याला सुंदर अक्षराचा माणूस पाहिजे होता, चिठ्ठ्या लिहायला. मामूंनी माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात सांगून टाकलं की हा माझा भाचा, कोकणातला आहे, झाडांच्यातच जन्मलाय, पान बघून झाड ओळखतो.

यातलं पहिलं अर्धं खरं होतं. झाड मी ओळखायचो, पण त्याला फळ लागलेलं असेल तर.

"मामू, मला काय कळतं त्यातलं?" साहेब गेल्यावर मी विचारलं.

"त्याला कुठं कळतंय तुला कळत नाही ते," मामू म्हणाले. "महिनाभर जा. मान डोलव. यल्ला, नीघ."

मी ट्रंकेत दोन लुंग्या, सुकट, थोडी कोकमं आणि अब्बांची छोटी कोयती टाकली. कोयती का घेतली ते विचारू नका. घरून निघताना अब्बांनी दिली होती, आणि कोकणी माणसाला झाडांकडे रिकाम्या हाताने जाणं बरं वाटत नाही.

समुद्राच्या ओल्या वाळूवरून जीपने उत्तरेला गेलो आणि डोंगराच्या पायथ्याशी जीप सोडून गाढवं घेतली. चढताना साहेब मला शिकवत होता. तो म्हणायचा की झाडंही माणसांसारखी आपापल्या मोहल्ल्यात राहतात; एकाच्या शेजारी दुसरं का उगवतं याला कारण असतं. मला ही गोष्ट लगेच पटली, कारण आमच्या गावातही तसंच होतं. खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात समर होती, म्हणजे आपल्या बाभळीची चुलत बहीण. तिच्या शेजारी सिदर, ते तर सरळ आपलं बोर. थोडं वर गेल्यावर बिनपानांच्या हिरव्या काड्यांचे झुबके आले, मोडले की दूध गळणारे, आपल्या कुंपणाच्या शेरासारखे. मग उभ्या कड्यात चक्क शेवगा. मी हरखून गेलो. एक गवत कुस्करलं तर गवती चहाचा वास. मी प्रत्येकाला घरचं नाव सांगत गेलो आणि साहेब प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहीत गेला. संध्याकाळपर्यंत माझं मलाच वाटायला लागलं की मामू खोटं बोलले नव्हते.

माझी ही घमेंड पठारावर पोचेपर्यंत टिकली.

वर थंडी होती, वारा होता आणि सात दगडी घरं होती. घरांपुढे डोंगरउतारावर बांध घालून केलेली चिमूटभर शेतं, त्यात पावसावर जव पिकायचं. आणि शेतांपलीकडे, नजर जाईल तिथवर, गुडघ्याएवढी करडी झुडपं. राखेत लोळून उठल्यासारखी. एकाला हिरवं पान नाही. मी एक काडी वाकवली, ती कडकन मोडली. मेलंय सगळं, मी मनात म्हटलं. तीन वर्षं पाऊस नाही, मरणार नाही तर काय.

त्या झुडपांच्या भोवती दगडांची एक बुटकी ओळ होती. आमचा यजमान, सातही घरांनी नेमलेला तिथला राखणदार, त्याने ती मला पहिल्याच दिवशी दाखवली. त्याला सगळे शेबा म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचं म्हातारबुवा. शेबा तरुणपणी गलबतावर होता. मुंबई आणि रत्नागिरीची बंदरं त्याने पाहिली होती आणि तिथून एक दणकट बंदरी हिंदी घेऊन आला होता. दगडांच्या ओळीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये हिमा है. बकरी अंदर नहीं."

मी मान डोलावली. नियम शेळ्यांना होता. मी शेळी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी साहेब एका वाटाड्याला घेऊन पाच दिवसांसाठी पलीकडच्या सुळक्यावर गेला आणि मला शेबाच्या घरी ठेवून गेला. तोवर वाळलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिही, म्हणाला. शेबाच्या घरात तो, त्याची बायको, सून आणि दहा महिन्यांची नात असे होते. मुलगा खाली किनाऱ्यावर मजुरीला होता. चारा संपल्यामुळे त्यांच्या बाकीच्या शेळ्याही खालीच, नातेवाइकांकडे धाडलेल्या. घरापाशी एकच राहिली होती. काळी, एक कान पांढरा, कासेत थोडं दूध.

पहिल्या सकाळी म्हातारीने मला अर्धा वाडगा दूध दिलं. मी तिला उम्मी म्हणायचो, तिकडे आईला तसंच म्हणतात. दूध गरम होतं, मी मिटक्या मारत प्यालो. दुसऱ्या सकाळी पुन्हा अर्धा वाडगा. वाडगा तोंडाला लावला आणि आतल्या खोलीत नात रडायला लागली. सून तिला पाण्यात खजूर कालवून चाटवत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की सुनेच्या अंगावर दूध नाही, घरात दूध देणारी ही एकच शेळी आहे, आणि मी दोन दिवस एका तान्ह्या पोरीच्या वाट्याचं पीत होतो.

मी वाडगा परत केला. उम्मीने तो पुन्हा माझ्या हातात दिला. मेहमान आहेस, असं काहीसं म्हणाली. मी प्यालो.

आता या उपकाराची फेड कशी करायची? मी त्यांच्या शेताकडे पाहिलं आणि माझ्यातला कोकणी शेतकरी जागा झाला. तो आयुष्यात याआधी फारसा जागा झाला नव्हता, म्हणून जरा जोरातच झाला.

आमच्याकडे पावसाआधी भाताची दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजतात. झाडांच्या फांद्या तोडून कवळ करायची, ती त्या जागेवर पसरायची, वर शेण, पालापाचोळा, माती, आणि पेटवून द्यायचं. त्याला राब म्हणतात. राबाच्या राखेत रोपं अशी तरारतात की बघत राहावं. शेबाचं जव तीन वर्षं नीट आलं नव्हतं. मी विचार केला, बिचाऱ्यांना राब माहीतच नाही. इथे पाऊस थंडीत येतो, म्हणजे राब भाजायची हीच वेळ. कवळीला झाडं नाहीत, पण ही मेलेली झुडपं आहेत की दगडांच्या ओळीपलीकडे हवी तेवढी.

शेबा आणि उम्मी खालच्या टाक्यावर पाणी आणायला गेले होते. पावसाचं साठवलेलं पाणी, तेही तळाला गेलेलं, त्यामुळे कातड्याची मशक भरायला वेळ लागायचा. मी कोयती घेतली आणि ओळ ओलांडली.

अकरा झुडपं तोडली. मोजून सांगतो, कारण पुढे सगळ्या गावाने ती मोजली. भराभर तोडत गेलो, हात चालतच होता. लहानपणी अब्बांनी मला कवळ तोडायला शिकवलं होतं: बुडख्यातून तोडायचं नाही, खाली एक वीत राखायची, आणि घाव तिरका, म्हणजे वर पाणी साचत नाही. एकदा मी बुडातून तोडलं तेव्हा अशी बसली होती की कान दिवसभर वाजत होता. म्हणून मेलेलं झुडूप असलं तरी हात आपला वीतभर राखून तिरकाच उतरत होता. हाताला कोण सांगणार की हे मेलेलं आहे.

सगळं शेतात नेऊन पसरलं. वर गाढवाची लीद, माती. कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि थांबलो.

हाताला दवण्याचा वास येत होता.

दवणा. आमच्या लग्नात बायकोच्या वेणीत होता तो. लग्नानंतर तीन महिन्यांनी मी तिला गावी ठेवून बोटीत बसलो होतो, आणि हा वास दोन वर्षं माझ्या नाकाला पारखा होता. मी दोन्ही हात तोंडावर धरून उभाच राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. मग हळूहळू दुसरा विचार आला. मेलेल्या लाकडाला असा वास येत नाही.

मागे वळलो तर उम्मी उभी होती, खांद्यावर मशक. तिने माझ्या राबातली एक काडी उचलली, हुंगली, पुन्हा होती तिथे ठेवली. मशक खाली ठेवून ती बांधावर बसली. मग उठून शेळीकडे गेली आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं दूध काढायचं असेल.

शेबाने आल्यावर सगळं पाहिलं. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगायला लागला.

"ये झाड मरा नहीं. सोया है."

या झुडपाला ते शीह म्हणतात. पाऊस नसला की पानं टाकून, अंगावर राख ओढून ते झोपतं. पण झोपेतही काम करतं. वाऱ्याने उडणारी माती त्याच्या बुडाशी अडकते, त्या मातीत गवताचं बी अडकतं, रानबदामाचं रोप त्याच्याच आडोशाला वाढतं. शीह गेली की माती एका हिवाळ्यात खाली दरीत जाते, आणि मग पाऊस आला तरी तो दगडावर पडतो. म्हणून ही हिमा. सात घरांनी मिळून राखलेली. सगळं संपलं, खालचाही चारा संपला, तरच सातही घरांच्या संमतीने उघडायची. तीन वर्षं सुकी गेली होती आणि अजून कुणी मागणी केली नव्हती. आपल्या शेळ्या खाली पाठवल्या, त्यातल्या काही मेल्या, पण ओळ कुणी ओलांडली नव्हती.

आणि मी राब भाजायला निघालो होतो.

"मग आता?" मी विचारलं.

त्याने नियम सांगितला. जो हिमात तोडेल त्याने आपली शेळी कापून सात घरांना जेवू घालायचं. उद्या अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर सगळे जमतील. मी म्हटलं, ठीक आहे, तोडलं मी, खाली जाऊन शेळी आणतो, दोन आणतो. शेबाने मान हलवली. मेहमानाचा गुन्हा यजमानाचा. मेहमानाकडून घेतलं तर त्याला सात घरांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि राखणदारी तर नाहीच. शेळी त्याची जाणार. घरात होती तीच.

मी त्या पांढऱ्या कानाकडे पाहिलं. आत पोर रडत होती की नाही, आठवत नाही. मला ऐकू येत होती एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उम्मीने मला अर्धा वाडगा दूध दिलं. मी नको म्हटलं नाही. काय तोंडाने म्हणणार.

अस्रनंतर सहा पुरुष आले, सातवा शेबा. त्यांच्यात एक वाळका, चिरक्या आवाजाचा म्हातारा होता, त्याचं पंचायतीत सगळ्यात जास्त चालायचं. शेबाने दोन वाक्यांत सांगितलं की माझ्या मेहमानाने अकरा शीह तोडल्या, माझं लक्ष नव्हतं, शेळी तिथे बांधली आहे. तो माझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलला नाही. ते जास्त लागलं.

मी उभा राहिलो. माझी अरबी कापडाचा भाव करण्यापुरती होती, तिच्यात पश्चात्तापाचे शब्द नव्हते. तरी बोललो. अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांनी. राब म्हणजे काय ते सांगितलं. आगीचा अभिनय केला, भाताच्या रोपाचा केला. सगळे गंभीरपणे बघत होते. शेवटी म्हटलं की मला सांगितलं होतं बकरी अंदर नहीं, आणि मी बकरी नाही.

वाळक्या म्हाताऱ्याने शेबाकडून याचा अर्थ समजून घेतला आणि म्हणाला, "बकरीला निदान शीह कुठली आणि सरपण कुठलं ते कळतं."

कुणीतरी हसलं. मीही हसलो असतो, पण शेळी माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात दारातून उम्मी बोलली. तिचं बोलणं माझ्यासाठी नव्हतं, पण नंतर शेबाने ते मला शब्दाशब्दाने सांगितलं. ती म्हणाली की नियम शीह मारणाऱ्याला आहे. मारली की नाही ते आधी जाऊन बघा.

सगळे उठले. आम्ही ओळीपर्यंत गेलो आणि पुरुष एकेक करून आत उतरले. उम्मी पहिल्या बुंध्यापाशी बसली, नखाने साल खरवडली. आत सुतासारखी हिरवी रेघ होती. मग तिने बुंध्याशेजारी वीत धरली. बरोबर एक वीत. दुसरा बुंधा, एक वीत. तिसरा. प्रत्येक घाव तिरका, एकाच बाजूला. वाळक्या म्हाताऱ्याने आपली वीत लावून पाहिली. ती मोठी होती, त्यामुळे त्याच्या मते सगळेच बुंधे बोटभर कमी भरले. त्यावरून तिथेच थोडा वाद झाला.

उम्मी माझ्याकडे वळली. "कुणी शिकवलं असं तोडायला?"

"अब्बांनी," मी म्हटलं, आणि कानाखाली कशी बसली होती ते हाताने दाखवलं.

त्या वेळी पहिल्यांदा ती हसली. म्हणाली, "देवाने तुझ्या बापाच्या हाताला बळ द्यावं."

निकाल असा लागला. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे त्यांची थंडी संपेपर्यंत, वाट पाहायची. शीह फुटली तर शेळी वाचली, नाही फुटली तर कापायची. तोवर तिच्या गळ्यात लाल चिंधी, म्हणजे तिला कुणी विकणार नाही. आणि मी राबातली प्रत्येक काडी वेचून आपापल्या बुंध्याभोवती परत नेऊन रचायची, म्हणजे सावलीही राहील आणि मातीही अडेल. वाळका म्हातारा उठता उठता म्हणाला, "आणि पाऊसच नाही आला तर?"

मी दीड दिवस काड्या वेचल्या. लीद झटकून, हुंगून. कुठली काडी कुठल्या झुडपाची ते शेबा बघून सांगायचा. मला सगळ्या सारख्या दिसत होत्या. वेचता वेचता मी पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं तर प्रत्येक झुडपाच्या पदराखाली एक छोटं गाव होतं. गवताची वाळकी पाती, कसलीशी बारीक बोंडं, मुंग्यांचं वारूळ, एके ठिकाणी बदामाचं बोटभर रोप, चार पानांचं. मी तोडलेल्या एका झुडपाखालीही एक होतं. त्याच्याभोवती मी काड्या जरा जास्तच रचल्या.

साहेब परत आला तेव्हा म्हणाला की शीहचे दोनचार चांगले नमुने हवेत. मी म्हटलं, "साहेब, अकरा झुडपांचे तयार आहेत." पुढचे पंधरा दिवस मी त्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या. एकदाही आपण होऊन कुठल्याही झाडाला नाव दिलं नाही.

दुबईला परतलो आणि पावसाची वाट बघायला लागलो. यातली गंमत कोकणी माणसालाच कळेल. आमच्याकडे पाऊस बोलवावा लागत नाही, तो कधी जातो एवढंच विचारायचं असतं. मी मात्र दुकानाच्या दारात उभं राहून उत्तरेचं आभाळ न्याहाळायचो. मामू म्हणायचे, "गिऱ्हाईक दक्षिणेकडून पण येतं, भाचे." एकदा काळे ढग आले आणि धो धो पडला. छपरातून गळून लट्ठ्याचे दोन ताके भिजले. मामू बादल्या लावत होते आणि मी मागे उभा राहून दुआ मागत होतो की अजून पडू दे. हा पाऊस डोंगरावरही पडला का हे मात्र विचारायला कुणी नव्हतं. रास अल खैमाहून आलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला मी विचारायचो. ते म्हणायचे, कुठल्या डोंगरावर? कितीतरी आहेत.

बायकोला पत्रात सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं, "तुमची तब्येत कशी आहे ते लिहिलं नाहीत. शेळीची कळली."

थंडी सरत आली तेव्हा एक ट्रकवाला दुकानात आला आणि फडक्याची गाठ माझ्यापुढे ठेवली. डोंगरातल्या म्हाताऱ्याने दिलीये, म्हणाला, सुंदर अक्षरवाल्या हिंदीला. आत मुठीएवढा एक पांढरा गोळा होता, दगडासारखा टणक. शेळीच्या दुधाचा, मीठ घालून वाळवलेला. सोबत दोन बोटं लांबीची एक फांदी, तिच्यावर बारीक, रुपेरी, लवदार पानं.

दूध होतं म्हणजे शेळी होती.

मी तो गोळा चाखला. खारट, आंबट, दात मोडेल असा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आंबटपणाने, असं मी मामूंना सांगितलं. फांदी पत्रात घालून बायकोला पाठवली. तिने ती ट्रंकेत साड्यांमध्ये ठेवली. तुमच्या पत्रातून पहिल्यांदाच काहीतरी बरं आलं, असं अजून म्हणते.

ट्रकवाल्याकडे निरोपही होता. अकरातल्या नऊ फुटल्या, दोन नाही. वाळक्या म्हाताऱ्याने त्या दोघींवरून पुन्हा बैठक बसवली होती. नऊसाठी शेळी सुटली होती, आणि दोनासाठी असं ठरलं होतं की हिंदीने पुढच्या थंडीत येऊन दोन दिवस हिमाची राखण करावी. शीहमागे एक दिवस.

मामूंनी रजा दिली. म्हणाले, जा, नाहीतर दारात उभा राहून आभाळच बघशील.

पुढच्या थंडीत वर पोचलो तर पठार ओळखू येईना. करडं होतंच, पण त्या करड्यावर रुपेरी झाक होती आणि झुडपांमधून बोटबोट गवत. वारा आला की सगळीकडून दवणा. शेबाच्या शेतात जव होतं, राबाशिवाय. नात चालायला लागली होती आणि माझी दाढी ओढायला शिकली. उम्मीने अर्धा वाडगा दूध दिलं. या वेळी निवांत प्यालो.

शेबाने मला त्याची काठी दिली, ओळीच्या आत एका दगडावर बसवलं आणि म्हणाला, "बकरी अंदर नहीं."

पहिला दिवस बरा गेला. मी माझ्या नऊ झुडपांपाशीच बसलो. प्रत्येक बुंध्यातून चारपाच धुमारे फुटले होते, तिरक्या घावाच्या खालून. बदामाचं ते रोप वीतभर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागे दगड खडखडला. वळून पाहिलं तर काळं अंग, एक पांढरा कान, ओळीच्या आत. गळ्यातली चिंधी केव्हाच काढली होती, तिची लाल दोरी तेवढी राहिली होती. मी काठी उचलली. नियम आता मला होता. ती माझ्याकडे न बघता सरळ चौथ्या झुडपापाशी आली, सगळ्यात कोवळ्या धुमाऱ्यापाशी.

मी "हट" म्हणालो. पण हळूच म्हणालो, कारण घर जवळ होतं आणि शेबाचे कान तीक्ष्ण होते. आणि खरं सांगायचं तर, एका थंडीभर मी तिच्या जिवासाठी आभाळाकडे बघितलं होतं, तिला काठी मारायला हात उठेना. तिने एक शेंडा खुडला, दुसरा खुडला, चावत चावत माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे मी तिच्या कानाला धरून तिला ओळीबाहेर नेलं.

संध्याकाळी शेबाने विचारलं, सगळं ठीक?

"खलास," मी म्हटलं, म्हणजे तिकडचं 'झालं'. "सगळं ठीक."

तेवढी एक गोष्ट सांगायची राहिली होती. चौथं झुडूप. दोन शेंडे. वाळका म्हातारा आता हयात नसेल, म्हणून लिहितो.